फुटलेल्या अंड्याची बाजू

२७ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. खरं तर फोनच करणार होते, पण तू तो उचलत नाहीस हे साऱ्या घराला ठाऊक आहे. एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिल्यावर कानांना पेन्शन हवीच, हे तुझं म्हणणं मला पटतं. म्हणून हे पत्र.

मला नोकरी लागली. बालवर्ग, वय चार ते पाच, संख्या बावीस. तीन महिने झाले. अजून कायम झालेले नाही, पण पोरांना ते माहीत नसल्यामुळे ती मला बाईच म्हणतात. गेल्या सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, जाहीर केलं की यंदा मुलांना ईस्टर शिकवायचा आणि तो अंडी रंगवून शिकवायचा. सुट्टी लागायच्या आधीच्या शुक्रवारी पालक बघायला येणार. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या घरी करतात ना? मग तुम्हीच करा." मी मान डोलावली. आमच्या घरी नऊ वर्षांत एक अंडं रंगलेलं नाही, हे सांगायचं राहून गेलं.

रविवारी घरी सहा अंड्यांवर प्रयोग केला. जलरंगाने छान फुलं काढली आणि मग ती उकळायला ठेवली. दोन फुटली, फुलं पाण्यात गेली, पाणी निळं झालं. आईने ती सोलून संध्याकाळच्या जेवणात खपवली. आतल्या पांढऱ्यावरही निळे ठिपके होते. बाबांनी ती मीठ लावून खाल्ली.

शेवटी त्यांनाच विचारलं. ते दुकानात फळीवर रंधा मारत होते. म्हणाले, "रंग हा तुझ्या आत्याचा प्रांत. तिला विचार." नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव निघालं ते पहिल्यांदा. रंध्याच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी "काय म्हणालात?" विचारलं. "काही नाही," म्हणाले.

तुम्ही बहीणभाऊ बोलत नाही हे मला माहीत आहे, का ते माहीत नाही. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, आणि मला एवढंच सांगण्यात आलं की काहीतरी अंड्यावरून झालंय. मला कारण नको आहे. या ईस्टरला तू आमच्या टेबलाशी जेवायला बसावंस, एवढंच हवं आहे. पण आधी अंडी कशी रंगवायची ते सांग, कारण ती जास्त निकडीची आहेत.

तुझी भाची


४ मार्च

चि. मास्तरीणबाई,

आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा, दोन्ही पोचले असं समज. आधी उकडायची आणि मग रंगवायची, हे ज्या पोरीला कळत नाही तिच्या हाती लोकांनी बावीस मुलं दिली. धन्य ते लोक.

आता नीट वाच. भाजीवाल्याकडे कांद्याच्या पोत्याच्या तळाशी सुकी सालं असतात. तो ती फुकट देईल आणि वर तुझ्याकडे संशयाने बघेल. बघू दे. पातेलंभर सालं पाण्यात अर्धा तास उकळ, गाळ, चमचाभर व्हिनेगर घाल. अंडी फ्रीजमधून आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेव, थंडगार अंडं गरम पाण्यात टाकलं की तडकतंच. पांढऱ्या कवचाची घे. कांद्याने विटेसारखा तांबडा येतो, हळदीने पिवळा, आणि जांभळ्या कोबीने निळा. कोबीच्या जांभळ्या पाण्यातून निळं अंडं कसं निघतं ते मला विचारू नकोस, पोरंही विचारतील, त्यांना सांग आत्यालाही माहीत नाही. कोथिंबिरीचं एक पान ओल्या अंड्यावर चिकटव, जुन्या पायमोज्याच्या तुकड्यात घट्ट बांध आणि रंगात सोड. काढलंस की पानाची जागा पांढरी राहते, शिरांसकट. कोरडं झालं की तेलाचं बोट फिरव, चमकतं.

मुलांना काय सांगायचं हे तू विचारलंच नाहीस, म्हणजे तुला त्याची भीती वाटते आहे. तीन वाक्यं सांग. अंडं बाहेरून दगडासारखं बंद असतं, प्रभूची कबर तशी बंद होती. सगळ्यांना वाटलं आत आता काही उरलं नाही. आणि रविवारी सकाळी ती उघडली. बाकीचं मोठी झाल्यावर त्यांचं त्यांना कळेल किंवा कळणार नाही.

जेवायला येण्याचं विचारलंस. नाही. वहिनीला नमस्कार सांग, तिच्याशी माझं काही भांडण नाही.

आत्या


१० मार्च

ती. आत्या,

भाजीवाल्याने बघितलं. मग विचारलं, "गुरं पाळलीत का?" मी हो म्हणाले.

रंगीत तालीम झाली. तालीम म्हणजे काय ते सांगते. बावीस मुलं, चार बाकं, सहा पातेली, आणि शिपाईमामा दारात फडकं घेऊन उभे. पहिल्या दहा मिनिटांत एका मुलाने हळदीचा रंग प्यायला. चांगला नाही, असं त्याने स्वतःहून वर्गाला सांगितलं, त्यामुळे बाकीच्यांनी प्यायला नाही. निळ्या अंड्याने सगळ्यांची बोलती बंद झाली. ते जांभळ्या पाण्यातून वर आलं तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती मी नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा ऐकली. कोबीचं गुपित आत्यालाही माहीत नाही हे सांगितल्यावर तुझी इज्जत वाढली.

रेघोट्यांसाठी मी एक सोपी युक्ती केली. पेन्सिलीच्या मागच्या रबरात टाचणी खोचायची, टाचणीचं डोकं वितळलेल्या मेणात बुडवायचं आणि कवचावर ओढायचं. मेण लागलं तिथे रंग बसत नाही. मुलांच्या हाती टाचणी देत नाही, त्यांना पांढरा मेणखडू. ही युक्ती मी कुठेतरी वाचली होती.

मग तुझी तीन वाक्यं सांगितली. वर्गात एक मुलगी आहे, पाच वर्षांची, तिला मी मनात वकीलबाई म्हणते. ती हात वर करून म्हणाली, "बाई, ही अंडी उकडलेली आहेत."

"हो."

"मग यांच्यातून पिल्लू येणार नाही."

"नाही येणार."

"मग आपण खोटं सांगतोय का?"

मी म्हणाले, आपण उद्या बोलू. उद्या तिला आठवण राहणार नाही असं वाटलं होतं. शाळेच्या फाटकातच उभी होती. तिला काय सांगू?

आणि येण्याबद्दल, "नाही" एवढंच लिहिलंस. एका शब्दावर नऊ वर्षं काढता येतात हे मला तुमच्याकडून शिकायला मिळालं.

तुझी भाची


१५ मार्च

चि. मास्तरीणबाई,

वकीलबाईला सांग की कवच खरं आहे, आतला जीव आपण धरून चालतो. मोठी माणसंही बऱ्याच गोष्टी धरून चालतात. तिला नाही पटलं तर तीच बरोबर आहे असं सांग आणि पुढचा धडा घे.

आता तुझ्याविषयी. पेन्सिलीला टाचणी खोचायची युक्ती जगात एकाच माणसाने काढली आहे आणि ती कुठेही छापून आलेली नाही. वयाच्या नवव्या वर्षी काढली, आणि ती टाचणी माझ्या परकराची होती. शिवाय तुझ्या पत्राच्या घडीतून चिमूटभर लाकडाचा भुसा माझ्या मांडीवर पडला. बालवर्गात भुसा नसतो. म्हणजे माझी पत्रं सुताराच्या बाकावर जातात. लपवाछपवी करायचीच असेल तर आधी पत्र झटकायला शीक.

तर मग त्यालाही वाचू दे. तुला कारण नको होतं, तरी ऐक.

आमच्याकडे ईस्टरला अंडी टकरायची रीत होती, तुला पुसटशी आठवत असेल. दोघांनी आपापलं अंडं मुठीत धरायचं आणि टोकावर टोक आपटायचं. ज्याचं फुटलं तो हरला. शेवटपर्यंत ज्याचं शाबूत राहील तो जिंकला. रेघा तुझ्या बापाच्या, रंग माझा, अशी प्रत्येक अंड्यावर आमची भागी होती. माझं फुटत होतं, तो जिंकत होता. सलग सात वर्षं. मी म्हणायची, नशीबवान आहे मेला.

आठव्या वर्षी जेवणं झाल्यावर तुमच्या स्वयंपाकघरात मी अंडी सोलायला घेतली. पातेल्यात पाणी, पाण्यात अंडी. सगळी तळाला, एक वर तरंगतंय. मला वाटलं नासकं निघालं. सुरी मारली, सुरी घसरली. पुन्हा मारली, टक्कन वाजलं. वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, ते..." आणि थांबली. लाकडाचं होतं. तुझ्या बापाने लेथवर वळवलेलं, घासून गुळगुळीत केलेलं, वर मेणाच्या रेघा आणि त्यावर माझाच कांद्याचा रंग. दर वर्षी जिंकला की खिशात टाकायचा, त्या वर्षी विसरला. वहिनीला ठाऊक होतं हे मी सोडून दिलं, तिला त्या घरात राहायचं होतं.

मी पर्स उचलली आणि स्टेशनवर आले. हे कारण.

आत्या


२० मार्च

ती. आत्या,

भुशाबद्दल कान पकडते. मी पत्र वाचून दाखवत नाही. मी ते बाकावर ठेवते, आणि बाबा त्या बाकावर काम करतात. ते वाचतात का हे मी बघत नाही. पण या वेळी बघायची गरजच पडली नाही, कारण दुकानातून हसण्याचा आवाज आला. आई ओट्यापासून धावत आली, तिला वाटलं काही पडलं.

बाबा चष्मा पुसत होते. "सुरी घसरली," म्हणाले, आणि पुन्हा हसले. मग म्हणाले, "हरली म्हणून रुसली. लहानपणापासून तशीच आहे. सापशिडीतही सोंगट्या फेकायची." आई ओट्याकडे परत गेली.

खरं सांगू, मलाही हसू आलं. सुरी, टक्कन आवाज, आईचं "वन्सं, ते..." हे सगळं डोळ्यांसमोर आलं. बाबांनी लबाडी केली हे कबूल. पण एका अंड्यावरून नऊ वर्षं? आत्या, आमच्या वर्गात रोज याहून मोठे गुन्हे होतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत मिटतात. तू ये. बाबांचे खिसे मी स्वतः तपासून टेबलाशी बसवीन.

मोठ्या बाईंना टकरीचा खेळ फार आवडला. पालकांसमोर तोच ठेवायचा ठरलाय, पोरांच्या जोड्या लावून. ईस्टरच्या आधी नऊ दिवस हा खेळ खेळणं बरं नाही हे मी सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, नंतर शाळा बंद आहे. मी तेव्हा कधी नीट बघितलं नाही, तर अंडं कसं धरायचं, कुठे मारायचं, ते सांगशील?

तुझी भाची


२४ मार्च

चि. मुली,

निमुळतं टोक निमुळत्या टोकावर. मूठ घट्ट, टोक तेवढं बाहेर. मारणाऱ्याने मारायचं, दुसऱ्याने हात हलवायचा नाही. खेळ एवढाच आहे.

हस. तुझ्या जागी मी असते तर मीही हसले असते. टकरीत मी हरले म्हणून रुसले असं त्याला वाटतं, तर नऊ वर्षं तो सुखात होता म्हणायचा.

आमची आई शेवटपर्यंत तिच्या दोन खोल्यांत एकटी राहिली. दोघांपैकी कोणाकडेच कायमची गेली नाही. "पाहुणी म्हणून येईन, म्हणजे दोघांकडे मान राहील," म्हणायची. ईस्टरचा स्वयंपाक तिला होईनासा झाला, तेव्हा तिनेच आम्हा दोघांपुरता नियम घातला. ज्याचं अंडं टिकेल, पुढचा ईस्टर त्याच्या घरी. मी त्याच्या घरी जायचं किंवा त्याने माझ्या, आणि आईने जिथे ईस्टर तिथे. टकर कशासाठी होती ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

दर वर्षी मला वाटायचं, या खेपेला माझं टिकेल. तिला हात असलेल्या खुर्चीवरूनच उठता यायचं. तशी एक मी आणली, दुसऱ्या वर्षी. चौथ्या वर्षी पडदे बदलले. सहाव्या वर्षी कुकर मोठा घेतला. दर ईस्टरला तुमच्याकडून परत येताना मी गाडीत हिशेब करायची की पुढच्या वर्षी काय करून घालायचं. एरवी ती माझ्याकडे आली दोनदा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला. ते मी धरत नाही.

सातव्या टकरीनंतरच्या थंडीत ती गेली. पुढच्या ईस्टरला तुमच्या स्वयंपाकघरात ते अंडं तरंगलं. मी अंड्याकडे नव्हते बघत, मास्तरीणबाई. मी सात वर्षं बघत होते. प्रामाणिक खेळात मी सातातून एकदा तरी जिंकले असते. एकदाच हवं होतं मला.

त्या खुर्चीवर आता धुतलेले कपडे असतात.

हे पत्र बाकावर ठेवू नकोस.

आत्या


१ एप्रिल

ती. आत्या,

पत्र बाकावर ठेवलं नाही. माझ्या पर्समध्ये आहे, आणि ते कुणाला दाखवलेलं नाही. मी हसले याची मला लाज वाटते. दोन वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं, कारण दोन्हींत मी तुला समजावत होते. समजावण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मला फार वाईट वाटलं, एवढंच.

काल काय झालं ते मात्र सांगायलाच हवं.

पालक भिंतीला लागून बसले होते, छोट्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीला. मोठ्या बाई पुढे. मुलांनी तीन वाक्यं एका सुरात म्हटली, तीही चांगली. मग टकरी. पहिली जोडी वकीलबाई आणि घुम्या. घुम्या म्हणजे वर्गातला असा मुलगा जो मी आल्यापासून एकूण चार शब्द बोललाय, त्यातले दोन "शू लागली" असे होते. त्याने आठवडाभर खपून अंड्यावर कोथिंबिरीचं पान उठवलं होतं. वकीलबाईने मारलं, आणि पहिल्याच फटक्यात ते पान मधोमध तडकलं.

घुम्या रडला नाही. अंडं पोटाशी धरून खाली बघत उभा राहिला. त्याचे डोळे भरले ते सगळ्या पालकांना दिसलं. मी म्हणाले, "असू दे हं, तू हरलास तरी छान खेळलास." तर वकीलबाईने हात वर केला.

"बाई, तो कसा हरला?"

"त्याचं अंडं फुटलं ना."

"तुम्हीच म्हणालात ती कबर आहे."

"हो."

"आणि रविवारी ती उघडली."

"हो."

"मग ज्याचं उघडलं तो जिंकला." तिने आपलं अंडं उलटंसुलटं करून पाहिलं. "माझं अजून बंदच आहे."

मी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाई पालकांकडे बघत होत्या. एक आजोबा म्हणाले, "बरोबर आहे पोरीचं." मी घुम्याचा हात वर केला आणि तो जिंकला असं जाहीर केलं. मग कसल्या जोड्या आणि कसला खेळ. प्रत्येकाला आपलं अंडं आधी फोडून घ्यायचं होतं. बाकावर, भिंतीवर, एकमेकांच्या डोक्यावर. चार मिनिटांत एकवीस अंडी फुटली. वकीलबाईने स्वतःचं सगळ्यांत शेवटी फोडलं, घुम्याकडूनच फोडून घेतलं. शिपाईमामा अजून कवचं वेचतायत. मोठ्या बाई जाताना म्हणाल्या, "सोमवारी ऑफिसात या." आवाजावरून कायम करणार की काढणार हे कळलं नाही.

जेवताना मी घरी हे सांगितलं. फक्त हे. तुझ्या पत्रातलं एक अक्षर नाही. आई हसली. बाबा हसले नाहीत. हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "म्हणजे फुटेल तो जिंकला."

"वकीलबाईच्या नियमाने."

त्यांनी ताट थोडं पुढे सारलं. मग म्हणाले, "माझं तर फुटणारंच नव्हतं."

त्यावर आई शांतपणे म्हणाली, "आणि सासूबाईंना आपण एकदाही वन्संच्या घरी ईस्टर करू दिला नाही. सात वर्षं. मी गप्प बसले, माझंही चुकलं." आत्या, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ते तिला आधीपासून ठाऊक होतं. बाबांना मात्र आत्ता कळत होतं. त्यांचा चेहरा बघवला नाही मला. ते अर्ध्या जेवणावरून उठले आणि दुकानात गेले. रंध्याचा आवाज आला नाही.

आज सकाळी त्यांनी माझ्याकडे पाकीट मागितलं. पत्ता मी घालून देऊ का विचारलं, तर त्यांना तो पाठ होता.

तुझी भाची


२ एप्रिल

चि. बबे,

मला पत्रं लिहायची सवय नाही, मापं लिहायची आहे. म्हणून उभं आडवं जसं सुचेल तसं लिहितो.

लाकडाचं अंडं मी केलं. पहिल्या वर्षी गंमत म्हणून केलं. जेवणं झाल्यावर सांगणार होतो, पण आई म्हणाली, "बरं झालं, पुढचा ईस्टर तुझ्याकडे," आणि मला ते ऐकायला बरं वाटलं, म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या वर्षी गंमत नव्हती. आई माझ्या घरी हवी होती, त्यासाठी केलं. पुढे दर वर्षी त्यासाठीच, आणि आई गेल्यावर शेवटचं सवयीने. त्याला दुसरं कारण नाही आणि मी आता शोधतही नाही.

तू तिकडे तयारी करत असशील हे माझ्या मनातही आलं नाही. आलं असतं तरी मी तेच अंडं काढलं असतं असं मला वाटतं. तेव्हा मी तसा होतो. हे लिहायला दोन दिवस लागले.

तू हरलीस म्हणून रुसलीस असं मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगत होतो. सांगायला सोपं होतं. परवा पोरीने तिच्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. तुला ती कळेलच, पोरगी तुला सगळं लिहिते. पाच वर्षांच्या पोरीपुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. तुझ्यापुढे तर नाहीच नाही.

त्या मुलीच्या नियमाने सातही ईस्टर तुझे होते. मी खरं अंडं धरलं असतं तर जुन्या नियमानेही त्यांतले चारपाच असते, तू चांगली खेळायचीस. आई आता कुठून आणू. ते माझ्याकडून भरून येणार नाही, आणि तू ते माफ करावंस असं मी म्हणत नाही.

उरलो आम्ही तिघं. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही तुझ्याकडे येतो आहोत. तुझी वहिनी, पोरगी आणि मी. पुढच्या वर्षीही तुझ्याकडेच, त्याच्या पुढच्याही. मी आहे तोवर. टकरायची काही गरज नाही. नको असेल तर तसं कळव, मी पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन.

तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस असं पोरगी म्हणाली. आई हळूहळू का होईना, चढली असती. माझे गुडघे गेले आहेत. वर येईन तेव्हा मला दम लागलेला असेल. तर दार उघडलंस की लगेच बोलू नकोस, आणि दारही लावून घेऊ नकोस. मला श्वास येईपर्यंत उभी राहा.

पहिलं मला बोलायचं आहे.

दादा